रिकाम्या दोरीचा टणत्कार
मेणाचा वास आला की अजून डोकं फिरतं. आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या नाशिकच्या कॉलेजात एकच जुनं, पुढे वळलेल्या टोकांचं लाकडी धनुष्य होतं. दोरीला मेण चोळून, पीळ कमीजास्त करून मी ते महिनाभर जुळवलं, तेव्हा कुठे बाण सरळ जायला लागले. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला खेळाच्या सरांनी ते प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिलं. "साहेब, बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नका, मोडेल!" मी ओरडले. "टणत्कार तर ऐकू दे, पोरी," म्हणत पाहुण्यांनी दोरी ताणून सोडलीच. काडकन लाकूड तडकलं. आणि सर खेकसले माझ्यावर, "पीळ तूच जास्त दिलास ना गं?" पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मला मैदान बंद! आता मीच मुलींना तिरंदाजी शिकवते. दसऱ्याला धनुष्य पूजेला ठेवते, पण दोरी माझ्या पर्समध्ये असते.