पोलंडच्या यंत्रशाळेविषयी माझं तथाकथित मौन

"काकांना सगळं माहीत होतं, पण बोलणार कसे यार? त्यांचं ग्रीन कार्ड अडकलं होतं ना!"

पोलंडच्या त्या कारखान्याचा विषय निघाला की आमच्या मंडळात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते सहानुभूतीनं म्हटलं जातं, हे मला अधिक झोंबतं.

यातला अडकल्याचा भाग खरा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होतो. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीनं केलेला. तो मंजूर होईपर्यंत नोकरी सोडता येत नव्हती आणि आजारी वडिलांना भेटायला गेलो तर परत येता येईल, याची खात्री नव्हती.

पोलंडनं तेव्हा परदेशी भांडवलाला दारं खुली केली होती. आमच्या कंपनीला तिथल्या एका पंपांच्या कारखान्यात भागीदारी हवी होती; खरं म्हणजे हवी होती ती त्याची गिऱ्हाइकं. पंपांचे भाग घडवणारी तिथली यंत्रशाळा भंगार ठरली की ती बंद करून आमचेच पंप तिथे विकता येणार होते. तसा निर्वाळा मी द्यायचा होता, कारण साहेबांच्या मते जुनाट यंत्रं भारतीयांइतकी कुणी पाहिलेली नसतात. मी तिथून आलेले नमुने तपासले. ते आमच्या मालापेक्षा तसूभरही कमी नव्हते.

भागीदारी ठरवायच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी त्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर आमच्याकडे जेवायला आले. ताट रिकामं झालं की आमची ही वाढायची. आणि दुकानांपुढच्या रांगांच्या देशातून आलेला तो गृहस्थ ताटात कण ठेवत नव्हता.

"अहो, किती भूक लागलीय त्यांना! आणखी दोन पुऱ्या घालते."

त्याचा चेहरा लालबुंद झाला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा असतो, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या वतीनं मीच हात धरला. पट्टा सैल करत तो म्हणाला, "इथे आल्यापासून मला कशालाच नाही म्हणता आलेलं नाही. उद्या तुम्ही म्हणाल?"

मी त्याचं ताट उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी तो समोरच बसला होता. साहेबांनी मला विचारलं, "यंत्रशाळा भंगारच, बरोबर?"

"नाही. माल उत्तम आहे. ती चालू ठेवावी."

"तुला या देशात राहायचंय ना?"

"तुम्ही यंत्रशाळेबद्दल विचारलंत. त्याचं उत्तर दिलं."

यंत्रशाळा पुढे बंद झालीच. त्यावरून मी गप्प बसलो असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्या खोलीत दुसरा मराठी माणूस नव्हता, साक्षीदार आणू कुठून? पण ज्यांना माझं ग्रीन कार्ड इतकं आठवतं, त्यांनी एवढंही लक्षात ठेवावं: बैठकीनंतरच्या सोमवारी कंपनीनं माझा अर्ज मागे घेतला.