ऑल्टाची वेगळी चूल

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत, जिथल्या कोळशाच्या खाणी केव्हाच बंद पडल्या अशा एका खोऱ्यात, ऑल्टा फ्युगेट आपला धाकटा भाऊ होबर्ट याच्याबरोबर आईबापांच्या घरात राहत असे. तिचे वय बासष्ट. तिच्या पदरी मुलीची मुलगी होती, सहा वर्षांची रेनी. होबर्ट मारकुटा होता. त्याने ऑल्टाचे दोन दात पाडले होते आणि घरचे कुत्रे लाथांनी मारून टाकले होते.

सरकारी अन्नमदतीचा नियम ऑल्टाला तोंडपाठ होता. जे सामान एकत्र आणतात आणि एकत्र शिजवतात, ते एक घर. होबर्टला खाणीतल्या अपघाताची भरपाई मिळे. ती तिच्या मिळकतीत धरली असती, तर मदतीचे कार्ड गेले असते आणि रेनी उपाशी राहिली असती. म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑल्टाने मागच्या खोलीत विजेची शेगडी मांडली. घेवडा, मक्याचे पीठ आणि डुकराची चरबी वेगळ्या फळीवर ठेवली.

त्या खोऱ्यात सख्ख्या भावंडांनी आईच्या बिडाच्या तव्यातली भाकरी वाटून न खाणे म्हणजे नाते तोडणे. होबर्टने पहिल्याच आठवड्यात दाराची कडी लाथेने उखडली आणि उकळत्या घेवड्याचे भांडे भिंतीवर फेकले. रेनीच्या पोटरीवर भाजल्याचा डाग अजून आहे.

तरीही मरणाऱ्या आईला दिलेला शब्द ऑल्टा पाळत होती. दर रविवारी ती होबर्टच्याच पिठाची, त्याच्याच चुलीवर, आईच्या तव्यात भाकरी भाजून देई. स्वतः तिचा तुकडाही मोडत नसे. हीच तिची चूक ठरली. "माझी बहीण माझाच स्वयंपाक करते," असे होबर्टने अन्नमदतीच्या कचेरीला कळवले आणि एका रविवारी चौकशीसाठी कॉडिल नावाच्या तरुण अधिकारी बाई आल्या.

होबर्टने टेबलावर तीन ताटे मांडून ठेवली होती: स्वतःचे, ऑल्टाचे आणि दाराशी उभ्या असलेल्या रेनीचे.

"भाकरी तुम्ही भाजलीत, ऑल्टाबाई?" कॉडिलबाईंनी विचारले.

"भाजली. खोटं कशाला बोलू?"

"मग जेवणही इथेच होत असणार. असं असेल तर कार्ड बंद करावं लागेल."

"तेच तर लिहिलंय मी," होबर्ट हसला. "ए ऑल्टे, बस की. पाहुण्यांसमोर तरी नखरे नको करूस."

"माझं झालंय जेवण."

"काय जेवलीस? सरकारची माती?"

"माझा घेवडा."

होबर्ट उठला. त्याने तिची मान धरली आणि तिचे तोंड ताटावर आपटले. नाकातून रक्त आले व भाकरीवर पसरले.

"खा. दोन वर्षं झाली, माझ्या घरातला एक घास तोंडात घातला नाहीस. आईच्या तव्यातली भाकरी विष झाली तुला? खा म्हणतो ना."

"किती वर्षं म्हणालात?" कॉडिलबाईंनी विचारले. त्यांची लेखणी कागदावर टेकलेली होती.

आपण काय बोलून बसलो, हे होबर्टला तेव्हा उमगले. तवा उचलून तो मागच्या खोलीत घुसला, ऑल्टा त्याच्यामागे धावली. पहिला घाव शेगडीवर बसला, दुसरा ऑल्टाने आडव्या धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज रेनीने ऐकला. कॉडिलबाईंनी तिला उचलून गाडीत नेले आणि पोलिसांना बोलावले.

कार्ड चालू राहिले. कागदावर होबर्टचेच वाक्य होते: दोन वर्षं, एक घासही नाही.

तीन महिन्यांनी तो तुरुंगातून सुटून आला आणि रविवारी मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला.

"ऑल्टे, भाकरी?"

"पीठ तुझं, चूल तुझी," ती आतून म्हणाली. तिचा हात वाकडाच जुळला होता. "आणि हात तुझे दोन्ही धड आहेत."

त्याने दारावर दोन लाथा मारल्या. कडी नवी होती, जाड लोखंडाची. ती हलली नाही.