चार दिव्यांचा चार्जर

किशनराव माझा साडू. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. त्यामुळे 'मी या माणसाला ओळखत नाही' असं मला कधी म्हणता आलं नाही, नाहीतर म्हटलं असतं.

पोखर्णीला त्याची चांगली काळी जमीन होती. ती बटईनं देऊन तो मानवतला राहायला आला, कारण खेड्यात आपली कदर होत नाही असं त्याचं मत होतं. मानवतला त्यानं आधी टायपिंगचे क्लास काढले, मग सोडावॉटर, मग स्कूटर दुरुस्ती. यातलं त्याला स्वतःला काहीएक येत नव्हतं. शेवटी एकोणनव्वद साली त्यानं दुबईहून परतलेल्या एका माणसाचा व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि दारावर पाटी लावली : 'किशनराव व्हिडिओ शूटिंग'. पाटीवर कॅमेऱ्याचं चित्र लहान आणि गॉगल घातलेल्या किशनरावचं मोठं होतं.

कॅमेऱ्यासोबत आलेली बॅटरी मेलेली होती. नवी बॅटरी आणि ती भरायला चार्जर घ्यायचा म्हणून तो हैदराबादला निघाला. झरीच्या माझ्या दुकानासाठी मला फवारणीचे पंप बघायचे होते, म्हणून मीही त्याच गाडीत बसलो. सबंध प्रवासात तो शेजारच्या माणसाला 'आमच्या लाइनमधी' काय काय असतं ते सांगत होता. लाइनीत येऊन त्याला पंधरवडा झाला होता.

दुकानदार म्हातारा, शांत माणूस. त्यानं दोन चार्जर काढून काउंटरवर ठेवले. एक काळा, ठोकळ्यासारखा. दुसरा चंदेरी, चार दिव्यांचा : लाल, पिवळा, हिरवा आणि एक निळा.

"साब, ये काला लेलेव," दुकानदार म्हणाला. "इससे बैटरी बी भरती, और वायर लगाको कैमरा सीधा करंट पे बी चलता. बैटरी बैठ गई तो बी शादी नई रुकती."

"आन् हा?" किशनरावनं चंदेरी उचलला.

"वो सिर्फ बैटरी भरता, कैमरा नई चलाता. जल्दी भरता, मगर बैटरी गरम करता. भर गई तो फौरन निकालना. लगी नक्को छोडो."

मी म्हणालो, "किशनराव, काळा घ्या. आपल्याकडं लग्नात जनरेटर असतंच."

त्यानं गॉगल कपाळावर सरकवला. "साडूभाऊ, वायर वढत मांडवात फिरायला मी काय लाऊडस्पीकरवाला हाय का? लोकायनं बघितलं तर काय म्हनतील?" मग दुकानदाराकडं वळून, "हेच पॅक करो. और हमको सिखाव मत."

दुकानदारानं चंदेरी डबा बांधून दिला.

मानवतला आल्यावर किशनरावनं तो चार्जर रस्त्याकडच्या खिडकीत मांडला आणि बॅटरी त्यात अडकवून ठेवली, दिवसरात्र. जाणारे-येणारे चार रंगांचे दिवे बघून थांबायचे आणि हा आत खुर्चीत बसून बाहेर कोण थांबलंय ते बघायचा. बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापायची. "पावर हाय तिच्यात," असं तो सांगायचा.

माघात त्यानं मानवतच्या महालिंग नावाच्या लिंगायत भुसार व्यापाऱ्याच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग केलं. तेव्हा बॅटरी नवी होती, निभावलं. वैशाखात झरीला माझ्या मुलीचं, सत्यशीलाचं लग्न निघालं. मी त्याला बोलावणार नव्हतो. पण बायको म्हणाली, "बहीन काय म्हनंल?" माझी आई कडूबाई त्याहून पुढची. तिला मोतीबिंदू होता, कुणाच्या हाताला धरल्याशिवाय चालत नव्हती. ती म्हणाली, "मी चालताना कशी दिसते ते मला बघायचंय." मी निरोप धाडला.

किशनराव लग्नाच्या सकाळी आला. आधी कॅमेरा माझ्या पुतण्याच्या खांद्यावर देऊन त्यानं स्वतःला जीपमधून उतरताना घ्यायला लावलं. तीनदा उतरला. मग वरपक्षाच्या लोकांना बोलावून एकेकाला भिंगातून बघायला दिलं. नवरा पारावर आला तेव्हा हा सावलीत बसून बॅटरी शर्टाला पुसत होता.

मुहूर्ताला मात्र तो सगळ्यांच्या पुढं. जनरेटरवाला आश्रुबा हातात लाइट धरून त्याच्या शेजारी. "भटजी, जरा सरका. मामा, फेटा नीट करा." अंतरपाट धरणाऱ्यांना त्यानं पाठीमागं रेटलं. अक्षता पडल्यावर आहेरासाठी माणसं रांगेत उभी केली. एका चुलत्यानं साडी देऊन हात मागं घेतला तर ओरडला, "थांबा हो, पुन्हा द्या, नीट आलं न्हाई." त्यानं पुन्हा दिली. आईला तर त्यानं मांडवाबाहेरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आणलं. उन्हात, अनवाणी, माझ्या बायकोच्या हाताला धरून. ती हसत हसत आली.

चौथ्या दिवशी जनरेटरचं भाडं न्यायला आश्रुबा दुकानात आला. जाताना दारात घुटमळला.

"मालक, सांगू का नको? त्या पाव्हन्याचा क्यामेरा मुहूर्ताच्या आधीच बंद पडला हुता. ब्याटरी बसली आन् लाल दिवा इझला. मी म्हनलं, दादा, बंद झाला. तर म्हने, तू लाइट धर, तोंड उघडू नको."

"मग दुपारभर काय केलं त्यानं?"

"तसाच फिरवला की, डोळ्याला लावून."

मी मानवतला गेलो. किशनराव म्हणाला, कॅसेट मुंबईला धुवायला पाठवलीय. व्हिडिओची कॅसेट धुवावी लागत नाही एवढं मला ठाऊक होतं. तसं सांगितलं तर म्हणाला, "ते साध्या कॅसेटचं. आमच्या लाइनमधी धुत्यात." आईनं मात्र आल्या-गेल्याला विचारायचं सोडलं नाही, "मुंबईहून आलं का रे?"

दिवाळीला सत्यशीला माहेरी आली आणि किशनराव खरोखरच कॅसेट घेऊन हजर झाला. मी टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणला. अंगणात गल्ली जमली. सुरुवातीला किशनराव जीपमधून उतरला. पुन्हा उतरला. पुन्हा उतरला. मग पडदा क्षणभर पांढरा झाला आणि पुढं मांडव, माणसं, अक्षता. पण मांडव आमचा नव्हता. बोहल्यावर लिंगायतांच्या लग्नात असतात तसे, कपाळाला विभूती लावलेले जंगम स्वामी बसलेले. नवरीही दुसरीच.

"हे स्वामी कोन?" कुणीतरी विचारलं.

"बघा की पुढं," किशनराव म्हणाला. "लग्न ते लग्न. अक्षदा त्याच, वाजंत्री तीच."

तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी सावकाश चालत आली, एका बाईच्या हाताला धरून. माझी आई खुर्चीतून पुढं झुकली.

"ही मीच की!"

"मंग? तुमीच हाव मावशी," हा पटकन म्हणाला. "किती झ्याक चालायलाव बघा."

मी उठलो होतो. काय केलं असतं ते सांगता येत नाही. सत्यशीलानं माझा हात धरून खाली बसवलं. आई त्या अनोळखी म्हातारीकडं डोळे बारीक करून बघत राहिली. म्हणाली, "लुगडं बरं दिसतंय." आणि या माणसानं गल्लीकडं बघून मान हलवली, जणू मोठ्या कोर्टातून सुटला.

गल्ली पांगली तशी सत्यशीलानं कॅसेट काढून त्याच्यापुढं धरली. "काका, ही ज्यांची हाय त्यायला दिली का?"

"देऊ की. त्यायला सांगितलंय, मुंबईला गेली म्हनून."

म्हणजे ही कॅसेट महालिंगची, आणि तीही धुवायलाच गेलेली होती. एका कॅसेटवरून दुसरी कशी उतरवायची हे याला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारणं त्याच्या शानमध्ये बसत नव्हतं. म्हणून त्यांचीच कॅसेट कॅमेऱ्यात घालून, तिच्या सुरुवातीवर स्वतःचं जीपमधून उतरणं नव्यानं घेऊन, आम्हाला दाखवली.

सत्यशीला म्हणाली, "मंग राहू द्या. आमी देतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक मानवतला महालिंगच्या आडतीवर गेलो. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्याच्यात आमची माय हाय का? हाताला धरून चालनारी?" त्याची आई चन्नबसम्मा श्रावणात गेली होती. सत्यशीला म्हणाली, "हायत. लय छान चालल्यात." महालिंगनं कॅसेट दोन्ही हातांनी घेतली आणि गिऱ्हाइकांकडं पाठ केली.

मला वाटलं, आता किशनरावचं दुकान बसलं. पण महालिंग भला माणूस. आईचं चालणं या जगात राहिलं ते किशनरावमुळंच, असं त्यानं धरलं. घरी बोलावून त्याला टॉवेल-टोपी केली. दुसऱ्याच दिवशी ती टोपी घालून किशनराव आमच्या दारात उभा. "बघा साडूभाऊ, मानवतची मानसं कदर करतात."

बायकोनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. चहाचं तिनं विचारलं नाही, मीही नाही. तो बराच वेळ ओट्यावर बसून राहिला, मग टोपी सारखी करून एसटीकडं गेला.