कचरूची पिवळी पुडी

गेल्या उन्हाळ्यात देऊळघाटात एक कुजबुज सुटली होती. कचरू नर्सरीवाला रोज सकाळी सत्यभामाबाईंना पिवळी पुडी नेऊन देतो, बाई ती नवऱ्याच्या चहात घालतात, आणि म्हणूनच अर्जुनरावांची गाय झाली. अहो, ज्या माणसाची हाक वेशीपर्यंत ऐकू जायची, तो तोंडाला उपरणं लावून नुसती मान हलवतो! तशीच पुडी मिळेल का, असं विचारायला तीन बायका नर्सरीत येऊन गेल्या. नावं विचारू नका. एकीचा नवरा तर मुळातच गरीब.

कचरू अडुसष्ट वर्षांचा. मिरची-वांग्याची रोपं विकून त्याने संसार ओढला, पण जीव अडकला होता सायकसमध्ये. बंगल्यांच्या दारात दिसतं ना, खजुरीच्या पोरासारखं झाड, तेच. कचरूकडचं नर होतं. त्याच्या बुडाशी पिल्लं फुटत, पण नराची पिल्लंही नरच. बीपासून उगवलेलं एक तरी रोप डोळ्यांनी बघायचं, एवढीच हौस बाकी राहिली होती. आणि सत्यभामाबाईंनी माहेरून आणलेलं झाड बारा वर्षांनी, अगदी त्याच उन्हाळ्यात, मादी निघालं! शेंड्यावर लोकरीचा गड्डा फुटला.

“ह्याले फूल कवा येईन?” बाईंनी विचारलं.

“नाई येत. ना फूल, ना फळ. तुमची पपई पाहा. तिचंबी नर झाड येगळं, मादी येगळी. नराचा पराग लागल्याबिगर दोघीइले बी धरत नाई. इथवर सारखंच. पण पपईले फुलं येतात, पाखरं फिरतात, अन् बी धरलं का पपई ते गराच्या पोटात दडवते. हे येडं बी उघडंच धरते, पानावानी पात्याच्या काठाले.”

“उघडंच? लाज नाई त्याले?”

“जुनं खानदान हाय, बाई. जगात फुलं आली नवती तवापासून असंच राह्यते.”

गड्डा पराग घ्यायला चार-पाच दिवसच मोकळा असतो. ते हुकले की पुन्हा किती वर्षं थांबायचं कोण जाणे, आणि कचरूला वर्षं मोजकी. म्हणून तो पहाटेच आपल्या नराच्या कणसाखाली कागद धरून पराग झाडायचा, पुडी बांधायचा आणि बाईंच्या अंगणात पपईच्या देठाच्या नळीने गड्ड्यात फुंकायचा.

चौथ्या दिवशी अर्जुनराव फाटकातच आडवे आले. पुडी हिसकावली.

“काय चारून राह्यला बे मले?” उपरण्याआडून आवाज आला.

“तुमाले नाई, झाडाले! हळू धरा, अर्जुनराव, सांडन. नराचं कणीस सुकलं. आता चिमूटभरबी उरला नाई माह्याजवळ.”

“खोटं बोलतं.”

“मंग तुमीच फुंका ना. भरवसा तं बसन.”

अर्जुनरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं, नळीत पराग भरला, गाल फुगवले आणि जोर लावला. पराग बरोबर गड्ड्यात गेला. त्याच्या मागोमाग वरची कवळीही गेली आणि लोकरीत रुतून बसली.

कचरूने आधी गड्डा तपासला, मग कवळी काढून दिली.

“घ्या!” सत्यभामाबाई पोट धरून हसल्या. “बी उघड्यावर, अन् दातबी! सैल हाय तं बदलून आणा म्हणलं, तं म्हणे बुलढाण्याले गेलो का गावाले कळन. आता कळलं का नाई?”

दिवाळीनंतर लोकरीतून शेंदरी बिया डोकावल्या, सगळ्यांसमोर, उघड्या. विषारी असतात म्हणून कचरूने त्यांना कुणाला हात लावू दिला नाही. ओल्या वाळूत पुरल्या. आज एका बीला बोटभर पान फुटलंय.

पुडीत सायकसचा पराग होता. अर्जुनराव गप्प होते, कारण त्यांची नवी कवळी सैल होती.