छातीवरची डबी

मी डबी बंद केली. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे लपवायला काही उरत नाही. बारा हजार फुटांवर, चारी बाजूंना बर्फ, आणि पोळीचा रोल खात बसले असताना बॅटरी उगाच जळतेय म्हणून मी छातीवरचं ते यंत्र बंद केलं. बर्फ कोसळून माणूस गाडला गेला, तर तो कुठे आहे हे बाकीच्यांना सांगणारं तेवढं एकच यंत्र असतं. आणि बटण चुकून दाबलं गेलं असंही नाही. चांगला विचार करून दाबलं.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, दॅट इज नॉट अ स्मॉल मिस्टेक." मी म्हटलं, बाळा, छोट्या चुका मी चाळिशीतच संपवल्या होत्या.

त्या बावन्न वर्षांच्या शहाणीला समजून घ्यायचं तर आमचं घर बघायला हवं. आमच्याकडे बटण बंद करणं हा कुळाचार आहे. खोलीतून निघालं की दिवा बंद. टीव्ही नुसता रिमोटने बंद करून भागत नाही, भिंतीतला प्लगही काढायचा. अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या, चँडलरच्या आमच्या घरातून दोन दिवसांसाठी बाहेर पडायचं असलं, तरी मी बूट घालून शेवटची एक फेरी मारते. टोस्टर, कॉम्प्युटर, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, सगळं बंद. फक्त फ्रीज चालू, कारण आत दूध असतं. नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवतो. एकदा म्हणाला, "सूर्याला बटण असतं तर तेही बंद करून आली असतीस." मी म्हटलं, "जूनमध्ये नक्की."

तर अशी ही बाई बर्फात कशाला गेली? लेकीमुळे. ती तेव्हा तेवीस वर्षांची, कोलोराडोत एम.एस. करत होती आणि दर शनिवारी मित्रमैत्रिणींबरोबर डोंगरात जायची. लिफ्टच्या पाळण्यात बसून वर जाऊन घसरत येणं वेगळं. ते मलाही येत होतं. ती लहान असताना तिला स्कीच्या क्लासला सोडून मी थर्मास धरून कुडकुडत बसायचे, शेवटी थंडीला कंटाळून मीही शिकले. पण हिचं प्रकरण निराळं. तिथे लिफ्ट नसते, आखलेली वाट नसते, धोका बघून वाट बंद करणारं कोणी नसतं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे मागे घसरायला होत नाही, आणि तासन्‌तास चढायचं. वर पोचलं की पट्ट्या सोलायच्या आणि खाली यायचं. एखाद्या उतारावरचा बर्फ सुटला, तर तोही आपल्याबरोबर खाली येतो.

शनिवारी संध्याकाळी तिचा मेसेज यायचा, "बॅक अॅट द कार." सकाळपासून त्या चार शब्दांपर्यंत मी घरात नुसती भांडी घासायचे. घासलेलीसुद्धा. जाऊ नकोस म्हणून सांगून झालं. "आई, आय अॅम केअरफुल," हे तिचं ठरलेलं उत्तर. मग एकदा फोनवर मी म्हटलं, "ठीक आहे, मीपण शिकते." ती हसली. आणि खरंच आम्हा दोघींचं नाव चार दिवसांच्या कोर्सला घालून मोकळी झाली.

नवरा म्हणाला, "तू काय करणार तिथे?"

"लक्ष ठेवणार."

"तिच्यावर?"

"मग काय डोंगरावर?"

डोंगरावरच ठेवायचं असतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

आमची गाइड पस्तिशीची होती, काटक, नाकाचं साल उन्हाने निघालेलं. आवाज कधी चढवायची नाही. शिकणारे आम्ही तिघंच. लेक, मी, आणि माझ्याच वयाचा, कपाटाएवढा एक रिटायर्ड फायरमन. पार्किंगमध्ये गाइडने प्रत्येकाच्या हातात ती डबी दिली. साबणाच्या डबीएवढी. पट्ट्याने छातीवर बांधायची, वरून जॅकेट. ती सारखा सिग्नल सोडत राहते. कोणी गाडलं गेलं, तर बाकीच्यांनी आपापली डबी 'सर्च'वर फिरवायची आणि पडद्यावरचा आकडा कमी होत जाईल तिकडे जायचं. मग खणायचं.

"गाडीपाशी चालू, गाडीपाशी बंद," गाइड म्हणाली. "मधे कोणीही हात लावायचा नाही. जादा बॅटऱ्या माझ्याकडे आहेत."

हे सगळं मी ऐकलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्याच दुपारी, बर्फाचे थर एकमेकांवर किती घट्ट बसलेत ते बघायला, तिने बर्फात खड्डा खणून कडेचा एक चौकोनी खांब मोकळा केला. खांबावर फावडं उलटं ठेवलं आणि त्याच्यावर थापा मारायला लागली. आधी नुसत्या मनगटातून दहा. मग कोपरातून. कोपरातून दुसरी थाप बसली आणि खांबाचा वरचा भाग ड्रॉवर ओढावा तसा सुळकन बाहेर आला. कापल्यासारखा सरळ. गाइडने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "सो, उद्यापासून आपण उतार निवडून घेणार."

लेक मान डोलवत होती, तिला ते नवीन नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं, की ही पोरगी दर शनिवारी अशा ड्रॉवरवरून चालते.

त्यानंतर मला कुठलाच बर्फ घट्ट वाटेना. खाली कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशी मी पावलं टाकायला लागले. चढावर दिशा बदलताना एक पाय उचलून स्की उलट्या बाजूला फिरवायची असते. क्षणभर एक स्की पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मधे आपण. तिथे माझी मांडी शिलाई मशीनसारखी थडथडायची. मागून फायरमन म्हणायचा, "टेक युवर टाइम, मॅम. मी पेन्शनवर आहे." हसू यायचं, पण थडथड थांबायची नाही. मोटेलमध्ये जेवण गेलं नाही. लेकीने विचारलं तर सांगितलं, उंचीमुळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाइडने गाडीपाशी एकेकाला समोरून चालायला लावून डब्या तपासल्या. चारही चालू. दुपारी डोंगराच्या एका रुंद, सपाट धारेवर जेवायला बसलो. लेकीने ऊन लागतंय म्हणून जॅकेट उघडलं आणि मला तिच्या डबीवरचा आकडा दिसला. अठ्ठावन्न टक्के. मी हळूच माझी बघितली. एक्क्याऐंशी.

आता इथे त्या बाईचं डोकं कसं चाललं बघा. हिची बॅटरी कमी आहे. मधेच संपली तर? माझी काढून हिला देता येईल. मग माझी आत्ता कशाला जाळायची? इथे सपाट आहे, इथे काय कोसळणार आहे? निघताना लावू की चालू. पोळ्या कमी पडतील असं वाटलं की आई जशी "मला भूक नाही" म्हणून आपली पोळी डब्यात ठेवून देते, तशी मी बॅटरी ठेवून दिली. गाइडच्या पाठीवर बॅटऱ्यांचं अख्खं पाकीट होतं.

आणि निघताना विसरले. कारण निघताना मी तो उतार बघितला.

खालच्या झाडांपर्यंत तिरकं जायचं होतं. वाडग्याच्या कडेसारखा, आमच्याआधी कोणी पाऊल न टाकलेला उतार. गाइडने वरचा भाग पुन्हा तपासला, जरा विचार केला आणि म्हणाली, "एकेकाने. पुढचा झाडांत पोचेपर्यंत दुसऱ्याने हलायचं नाही." ती गेली. मग लेक गेली. ती त्या पांढऱ्या वाडग्यात ठिपक्याएवढी होत गेली. ती झाडांत शिरली, काठी वर केली. माझी पाळी.

अर्ध्यात पोचले आणि आवाज झाला.

वरच्या मजल्यावर कोणी कापसाची ओली गादी टाकावी तसा. कानांच्या आधी तो गुडघ्यांना कळला. पायाखालचं सगळं बोटभर खाली बसलं. माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सरळ पुढे पळत गेली. मग माझ्या दहा-पंधरा फूट खाली, आमच्या ड्राइव्हवेएवढा एक तुकडा सुटला. धडाड वगैरे काही नाही. फसफस करत, अगदी सावकाश निघाला, मग त्याची ढेकळं झाली आणि ती उतारावरून दिसेनाशी झाली.

मी जिथल्या तिथे थांबले. आणि तेव्हा आठवलं.

हात छातीवर गेला. जॅकेटची चेन वर गळ्यापर्यंत. हातात जाड मोजे, मनगटांना काठ्यांचे पट्टे. आधी पट्टा सोडवायचा, मग मोजा, मग चेन. काठी सुटली तर वाकायला लागेल. वाकले तर?

"थांबू नका!" गाइड ओरडली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "माझ्याकडे बघा आणि येत राहा! हळू! सरळ!"

मी गाइडकडे बघायला हवं होतं. बघितलं लेकीकडे. ती झाडांच्या कडेला उभी होती. तिने आपली डबी जॅकेटातून बाहेर काढून हातात धरली होती. दांडा जोडलेलं फावडं पायाशी तयार होतं. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. डोळे माझ्यावर, अंगठा बटणावर. शिकवलेलं सगळं ती बरोबर करणार होती. धावत येणार, डबी फिरवणार, आकडा शोधणार. आणि आकडा येणार नव्हता.

उरलेला उतार मी कशी आले ते सांगता येत नाही. 

लेकीने मला घट्ट धरलं. आमच्या दोघींच्या मधे ती मुकी डबी रुतत होती. गाइडने रेडिओवर फायरमनला धारेवरून, लांबच्या वाटेने यायला सांगितलं. तो येईपर्यंत अर्धा तास गेला. मग आम्ही दाट झाडीतल्या एका सपाट जागी उतरून थांबलो.

आता मी सगळं सांगून टाकलं असं तुम्हाला वाटेल. छे! ती शहाणी एका झाडामागे गेली, चेन उघडली आणि गुपचूप बटण दाबलं. म्हटलं, संपलं, कोणाला कळतंय.

चालू होताना ती डबी वाजते. टी, टी, टी. त्या शांततेत देवळातली घंटा वाजवल्यासारखी.

गाइडने मान वळवली. "ऑफ होती?"

"हो."

"कधीपासून?"

"जेवणापासून."

"का?"

"बॅटरी वाचवायला," मी म्हटलं. मग इतक्या हळू, की मलाच ऐकू येईना, "हिच्यासाठी."

फायरमनने हेल्मेट काढलं आणि हातात धरून उभा राहिला. गाइड रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "परत बंद करा." मी केली. "आपण तिघं सर्चवर." तिघांनी डब्या फिरवल्या. मग ती लेकीला म्हणाली, "आईला शोध."

मी चार पावलांवर समोर उभी होते. लेकीने डबी पुढे धरली.

"काय दिसतंय?"

"नथिंग."

"पुढे जा."

लेक पुढे आली. तिची डबी माझ्या जॅकेटला टेकली.

"आता?"

"नथिंग," लेक म्हणाली. तिने डबी हलवून पुन्हा टेकवली. 

"ओके. चालू करा." मी केली. तिन्ही डब्या एकदम बोलायला लागल्या. गाइड मला म्हणाली, "उद्या तुम्ही येणार की नाही, ते तुम्ही ठरवायचं नाही. ती ठरवेल."

गाडीपाशी पोचल्यावर गाइड नेहमीसारखी म्हणाली, "कार. ऑफ." सगळ्यांनी बंद केल्या. माझं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. दाबवेना. मी तशीच पट्ट्यासकट लेकीच्या गाडीत बसले.

मोटेल चाळीस मिनिटांवर होतं. लेक एक शब्द बोलली नाही. रागावली की ती लहानपणापासून इंग्रजीत भांडते आणि मी मराठीत, तेवढी तरी सोय असते. त्या दिवशी तीही नाही. मी म्हटलं, "चहा घेऊया का कुठे?" तिने इंडिकेटर दिला आणि पुढची गाडी ओलांडली. म्हटलं, "बाबांना नको सांगूस हं." तेही वाया गेलं. माझ्या छातीवरचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता, आणि ती रस्त्यावरून नजर काढून मधूनमधून तेवढ्याकडे बघत होती.

मोटेलच्या दारात तिने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि स्टिअरिंग तसंच धरून, समोर बघत, स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आई, दूध नासू नये म्हणून तू फ्रीज चालू ठेवतेस. माझ्यासाठी ती एक डबी चालू ठेवता आली नाही तुला?"