आत्या फोन ठेवत नाही

आमची आत्या फोन ठेवत नाही. उचलते पहिल्याच घंटीला, बोलते मोजकं, पण ठेवायचं नाव नाही. बोलणं संपलं की फोन ओट्यावर उताणा टाकते आणि आपल्या कामाला लागते. पलीकडचा ठेवील तेव्हा ठेवील. त्यानं नाही ठेवला तर आत्याच्या घरातला नळ, मिक्सर, खोकला सगळं त्याच्या कानात जातं, आणि त्याच्या घरातलं आत्याच्या.

तिच्या मुलांना वाटायचं, म्हातारी विसरते. मला वाटायचं, कंटाळा करते. दोन्ही खोटं निघालं. त्यापायी तिच्या दोन खोल्या जायची वेळ आली होती. आता घरात सगळ्यांनाच सगळं ठाऊक झालंय, म्हणून सांगायला हरकत नाही.

आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा लांबचा फोन आपोआप लागत नसे, बाई लावून द्यायची. भिंतभर बोर्ड, त्याला भोकंच भोकं, भोकांवर हरभऱ्याएवढे दिवे. दिवा पेटला की एक दोरी त्या भोकात खुपसायची, नंबर विचारायचा आणि जोडीची दोरी दुसऱ्या भोकात खुपसायची. दोन्हीकडचे बोलायला लागले की आपण गप्प. दोघांनीही फोन ठेवल्याची खूण दिव्यांनी दिली, की मगच दोऱ्या ओढायच्या. हेडफोनच्या पट्टीनं आत्याच्या केसांत जी खाच पडली ती अजून बुजलेली नाही. भांग त्या खाचेतूनच जातो.

आमच्या गावात फोन एकच, किराणा दुकानात. माझा बाप कधीमधी तिथून शहरात फोन लावायचा आणि पलीकडून सख्ख्या बहिणीचा आवाज यायचा.

"अगं, मी बोलतोय."

"नंबर सांगा."

"बरी आहेस ना?"

"नंबर सांगा, लाइन अडून राहिलीय."

घरी आली की बाप तिला चार माणसांत धरायचा. "ही बघा आमची बहीण. फोनवर ओळख देत नाही."

"फोनवर मी कुणाची कोण नसते," आत्या म्हणायची आणि भाकरी मोडायची.

तिच्या खात्याच्या दोन गोष्टी हाडात मुरल्या होत्या. कानावर पडलेलं ओठावर आणायचं नाही, ही एक. लग्नं मोडलेली, सोयरिकी जुळलेल्या, भावाभावांतल्या शिव्या, सगळं तिच्या कानांवरून गेलं. आत्याच्या तोंडून कुणी अक्षर ऐकलं नाही. नवरा विचारून विचारून थकला आणि तसाच गेला. दुसरी गोष्ट म्हणजे, आपण होऊन लाइन तोडायची नाही. एकदा तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या पोरीनं तोडली होती. एक म्हातारा लांबच्या मुलाशी बोलत होता. मध्येच गप्प झाला. पोरीला वाटलं, झालं यांचं. तिनं दोऱ्या ओढल्या. म्हातारा गप्प झाला होता तो रडू आवरायला, खरं सांगायचं ते अजून सांगायचंच होतं. पुन्हा लाइन मिळायला दुसरा दिवस उजाडला. तोवर मुलानं गाडी पकडायला हवी होती, ती सुटली. हे आम्हाला फार पुढं कळलं. आत्या म्हणते, "माणूस गप्प बसला म्हणजे त्याचं बोलणं संपलं, असं नसतं."

पलीकडच्या शहरातल्या एक्सचेंजवर एक बाई होती. नाव विचारायची पद्धत नव्हती, बोर्डाचा नंबर सांगायचा. ती सतरा नंबर, आत्या चार नंबर. बोर्ड मोडीत गेले, एक्सचेंजच्या जागी सोफ्यांचं दुकान आलं, दोघी निवृत्त झाल्या, तरी दुपारची जेवणं झाली की सतरा नंबरचा फोन ठरलेला. आता गंमत बघा. दोघी त्याच मुशीतल्या. दोघींपैकी एकही फोन ठेवत नाही. बोलून होतं, मग एक भांडी घासते, दुसरी घोरते, आणि मध्ये लाइन चालूच. एकदा कुकरची शिट्टी कुणाच्या घरातली याचा घोळ झाला. आत्यानं आपला गॅस बंद केला आणि सतरा नंबरच्या बटाट्यांचा लगदा झाला.

तर आत्याचा बटणांचा फोन मेला, आणि दोन्ही मुलांनी एकाच आठवड्यात दोन फोन आणून दिले. धाकटा कारखान्यात आहे. त्यानं नवाकोरा अँड्रॉइड आणला आणि त्यात आत्याचा जुना नंबर घातला. ताई, म्हणजे थोरली, बँकेत. तिनं आपला वापरलेला आयफोन दिला, त्यात नवा नंबर. दोघं भावंडं लहानपणी वाडग्यावरून भांडायची, तशीच आता यावर.

"ताईचा फोन म्हणजे भाड्याची खोली," धाकटा म्हणायचा. "खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा."

"आणि तुझा म्हणजे आठवडी बाजार," ताई म्हणायची. "प्रत्येक कंपनीचं दुकान वेगळं, प्रत्येक दुकानात जिना वेगळीकडे. तुझ्या मित्राचा अँड्रॉइड हातात घेतला की तुलाच काही सापडत नाही."

"निदान चार्जर कुठल्याही घरात मिळतो. तुझ्या या जुन्या डब्याला शेजारणीची वायर लागत नाही."

आत्यानं दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि दोन्ही वापरायला लागली. मी तिच्याच शहरात कामाला, गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी तिच्याकडे जायचो. ती मला हिशेब द्यायची.

"मुलाचा आमच्या पहिल्या ऑफिससारखा आहे. तिथं ज्या बाईला जिथं हवं तिथं स्टूल, जिथं हवी तिथं पिशवी. मुलीचा नंतरच्या ऑफिससारखा. तिथं हेडबाई होती. पेन उजवीकडे म्हणजे उजवीकडेच. सगळं जागच्या जागी, चुकायला वाव नाही, पण आपलंही काही नाही."

"हलवता येतं आता बरंच," मी म्हणालो.

"हेडबाईपण म्हणायची, हवं ते विचार गं पोरी. विचारायची छाती कुणाला होती?"

मुलाच्या फोनला खाली तीन खुणा आहेत, त्यातली एक मागं जायची. ती आत्याला फार आवडली. काहीही घोळ झाला की तीच दाबत बसायची, दारं मिटत मिटत अंगणात यावं तशी. मुलीच्या फोनला ती खूण नाही, कडेवरून बोट सरकवावं लागतं. आत्याचं बोट कधी सरकायचं, कधी अडायचं. उलट मुलाचा फोन उघडायला अंगठा लागायचा, आणि भांडी घासून कोरड्या पडलेल्या अंगठ्याला तो ओळख द्यायचा नाही. मुलीचा तोंड बघूनच उघडायचा. "ही बघ, हिला सवय आहे," आत्या म्हणायची, "कामावर कोण आलं ते हेडबाई तोंडावरूनच ओळखायची." अधूनमधून कुठलातरी फोन सकाळी उठून नवीन रूप घेऊन बसायचा. त्यात मात्र दोघांची बरोबरी. "रात्रीत कुणीतरी येऊन माझे डबे इकडचे तिकडे करून गेलं," अशी तक्रार तिनं दोन्ही मुलांकडे सारख्याच शब्दांत केली.

आणि एक गोष्ट दोन्हींत सारखी बघून ती हरखली. बोलणं चालू असताना वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

"दिवा ठेवलाय की रे. मला वाटलं, ही विद्या बुडाली."

त्या दिव्यानंच सगळं केलं. एका गुरुवारी आम्ही दोघं लसूण सोलत बसलो होतो. धाकट्याचा फोन येऊन गेला होता, औषधं घेतलीस का, घेतली, बरं. फोन टेबलावर उताणा, आवाज मोठा, कोपऱ्यात हिरवा दिवा. धाकटा आपला फोन खिशात घालून विसरला असणार. थोड्या वेळानं फोनमधून त्याचाच आवाज आला. शेजारी ताई होती, बहुतेक त्याच्याकडे आलेली.

"ताई, तिला फोन ठेवायलासुद्धा सुचत नाही आता. दर वेळेला चालूच. आज फोन, उद्या गॅस."

"गॅसचं झालंच की ते बटाट्याचं."

"सुट्टीत आपण दोघं जाऊ. तोवर जमलं तिला सगळं, तर राहू दे. नाही जमलं तर त्या खोल्या सोडून द्यायच्या आणि माझ्याकडे आणायचं."

"ती येणार नाही."

"विचारायचंच कशाला? सामान बांधायचं."

मी लसूण टाकून उठलो. आत्यानं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग फोन उचलून दूर कपड्यांच्या घडीखाली सरकवला. ठेवला नाही, सरकवला. आवाज घडीखाली पुटपुटत राहिला.

"आत्या, आत्ताच सांग की त्याला, मी ऐकतेय म्हणून."

"कानावर पडलेलं बोलायचं असतं का?"

"अगं पण खोल्या जातील तुझ्या."

तिनं खोलीभर नजर फिरवली. खिडकीतून समोरचं सोफ्यांचं दुकान दिसत होतं. पहिला पगार ज्या इमारतीत घेतला तिच्यासमोर राहायचं म्हणून हट्टानं घेतलेल्या खोल्या. नवरा इथं गेला, पोरं इथं चालायला शिकली.

"जातील तर जातील. पण मी ऐकलं म्हणून वाचायला नकोत."

मग ती शिकायला लागली. औषधं मागवायला शिकली, व्हिडिओ कॉल शिकली. पहिल्या वेळी सतरा नंबरला तिचा चेहरा दिसला आणि पलीकडून आवाज आला, "चार नंबर, तू एवढी काळी असशील असं वाटलं नव्हतं." आत्या म्हणाली, "आणि तू एवढी जाड." मग दोघींनी कॅमेरे बंद केले, कारण तसं बोलायला सुचेना. सगळं शिकली, पण फोन ठेवायच्या तांबड्या खुणेला हात लावेना.

"दाब ना गं ती. तिच्यावरच तर सगळं अडलंय," मी म्हणायचो. "आता मध्ये ऑपरेटर नाही. दोघांतलं कुणीही तोडू शकतं."

"कुणीही?" ती विचारात पडायची. "मग बोलणं पुरं झालं की नाही, ते बघायचं कुणी?"



सुट्टीत दोघं आली, त्या दिवशी मीही होतो. धाकट्यानं परीक्षाच लावली, विचारत सुटण्यात आपल्या बापाच्या वळणावर गेलाय. औषधं मागव म्हणाला, तिनं मागवली. ताईला फोटो पाठव म्हणाला, तिनं पाठवला. ताईनं मुद्दाम आपण दिलेला आयफोन पुढं केला, त्यावरही करून दाखवलं. धाकट्याचं तोंड उतरायला लागलं. मग तो म्हणाला, "मी खाली जाऊन फोन करतो. बोल, आणि ठेव."

खाली गेला, फोन केला. "हॅलो आई. ऐकू येतंय? बरं, ठेव आता." आत्यानं फोन टेबलावर टाकला. आम्ही तिघं त्या हिरव्या दिव्याकडं बघत बसलो. खालून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या, फोनमधूनही त्याच. शेवटी जिन्यावर पावलं वाजली, धाकटा दारात उभा राहिला, हातात चालू फोन.

"बघितलंस ताई? एवढी साधी गोष्ट."

"तू ठेवला नाहीस," आत्या म्हणाली.

"तू ठेवायचा होतास."

"फोन तू लावलेला. तुझं बोलून झालं का नाही, मला काय माहीत? मी आयुष्यात कुणाची लाइन तोडलेली नाही, पोटच्या पोराची तोडू?"

मग तिनं त्यांना तो म्हातारा सांगितला, गप्प बसलेला. दोघांनी तो कधी ऐकलेला नव्हता. कानावरचं ओठावर आणायचं नाही म्हणून तिनं स्वतःच्या पोरांनाही सांगितला नव्हता. धाकटा ऐकता ऐकता खुर्चीवर टेकला. ताईच्या कपाळावर मात्र आठी चढत गेली. ती बँकेतली, हिशेब तिला आधी लागतो.

"आई, म्हणजे आम्ही ठेवायला विसरलो की तुला सगळं ऐकू येतं?"

"येतं."

"आणि तू ऐकतेस?"

"ऐकू येतं. ऐकत नाही."

धाकट्यानं ताईकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले. "कधीचं, काय काय ऐकू आलं?"

आत्या उठून चहा ठेवायला गेली. "साखर किती घालू?" तिनं आतून विचारलं. एवढंच उत्तर.

सामान बांधायचं कुणी काढलं नाही. निघताना धाकटा दारात घुटमळला. "आई, राहा इथंच. पण माझ्यासाठी एवढं कर. माझा फोन आला की तुझ्या हातानं ठेव. मला कळू दे की तुला जमतंय. जिवाला घोर लागतो गं."

आत्यानं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "तुझा ठेवीन," ती म्हणाली. "सतरा नंबरचा नाही."

आयफोन तिनं ताईला परत दिला. "हेडबाई चांगली आहे तुझी," म्हणाली, "पण मी निवृत्त झालेय." ताई हसली, पण पर्समध्ये टाकताना तिनं तो पुसला.

पुढच्या गुरुवारी मी होतोच. धाकट्याचा फोन आला. औषधं, पाणी, तब्येत, बरं. आत्यानं चष्मा लावला, तांबड्या खुणेवर बोट आणलं, माझ्याकडं बघितलं, आणि दाबलं. हिरवा दिवा गेला. ती फोनकडं बघत उभी राहिली. मग मागं जायची खूण दाबली, त्यानं काही झालं नाही. मग तिनं धाकट्याला परत फोन लावला.

"काय झालं आई?" तो घाबरून म्हणाला.

"काही नाही. तुझं बोलणं संपलं होतं ना?"

तो जरा वेळ गप्प बसला. आत्या थांबली.