माझ्या मुलीचं लहानपण त्याने पाहिलं

नारायणला जाऊन आज पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत आमच्या अंगणात जो आला तो त्याचे गुण सांगत बसला. लेकरांत रमणारा, शांत, देवमाणूस. मी मान हलवत राहिलो. पण मी त्याचा सख्खा थोरला भाऊ, आणि शेवटची तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. तेव्हा मला आठवतो तो नारायण मी लिहितो आहे. गोड लिहिता येणार नाही.

बातमी मला अमरावतीच्या कापूसबाजारात कळली. गावचा एक गाडीवान मला शोधत आला. म्हणाला, ताप डोक्यात गेला, चार दिवसांत आटोपलं, दहनही होऊन गेलं. मी त्याला पाणी दिलं, बसवलं. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तर, आता मळा मोकळा झाला... अकोल्याकडच्या परतीच्या वाटेवरही मला रडू आलं नाही.

मळा आमचा, नदीकाठचा. बाप होता तोवर त्यात वांगी, मेथी, गवार, झेंडू निघायचा. मग अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. ज्याच्याकडे अंगणाएवढी जमीन होती त्यानेही सरकी पेरली. मी माझ्या अर्ध्या मळ्यात पेरली, गाड्या जोडल्या, गावोगावचा कापूस उचलून अमरावतीला न्यायला लागलो. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर जायचे. नारायणने मात्र आपल्या अर्ध्यात वांगीच लावली. मी कारण विचारलं तर म्हणाला, कापसाच्या मागे लागलो तर पोरींपाशी कोण राहील?

पोरी म्हणजे त्याची ठकी आणि माझी साळू. दोघी एकाच पावसाळ्यात जन्मल्या. माझी बायको आणि त्याची गीता कापूस वेचायला जायच्या, म्हणून हा दोघींना मळ्यात न्यायचा, एक खांद्यावर, एक बोटाला. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण यांना पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. वाटेतल्या प्रत्येक दगडावर चढायचं, प्रत्येक शेळीशी बोलायचं, आणि हा बाप्या उकिडवा बसून त्यांच्याएवढा होऊन ते सगळं बघायचा. दुपारी भाकरी दुधात कुस्करून भरवायला घेतली की उन्हं कलायची. शेतकऱ्याला पिढ्यांतून एकदा मिळावेत असे दिवस हा असे घालवतो आहे, हे पाहून माझं डोकं फिरायचं.

त्यात मी गावी आलो की तो मला खबर द्यायचा. साळूला दात आला. साळू आपल्या पायांवर उभी राहिली, मेथीच्या वाफ्यात बसकन पडली आणि स्वतःच हसली. त्याला वाटायचं, मला आनंद होईल. मला ते टोमण्यासारखं लागायचं. माझ्याच लेकीची खबर मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. वर ती त्याला 'तू' म्हणायची आणि मला 'तुमी', जसं पाहुण्याला म्हणतात.

पोरी तीन वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. भरलेल्या गाड्या घेऊन मी निघालो होतो. मळ्याची वाट अरुंद, दोन्हीकडे निवडुंग. पुढे वाटेत हे तिघं बसलेले. एक शेणकिडा आपली गोळी ढकलत वाट ओलांडत होता. नारायणने हात वर केला.

"भाऊ, थांब थोडा. पोरी पाहून राहिल्या."

माझ्यामागे चार गाड्या अडल्या होत्या, गाडीवान हसायला लागले होते. मी उडी टाकली, पुढे गेलो आणि ती गोळी किड्यासकट पायाने चिरडली. साळू किंचाळली. मी तिला उचलायला हात केला तर ती नारायणच्या पायाला जाऊन बिलगली. त्याने तिला उचललं, ठकीचं बोट धरलं आणि गाड्यांना वाट करून दिली. त्यानेच माझा राग अधिक पेटला.

त्या आठवड्यात मी रीतसर वाटणी मागितली. मधे काट्यांचं कुंपण घातलं आणि साळूने पलीकडे जायचं नाही असं सांगितलं. तो एकदाच दारात आला. म्हणाला, "राग माह्यावर काढ. पोरीले काहून अडवतं?" मी दार लावून घेतलं. मी रस्त्यावर असलो की माझी बायको साळूला कुंपणातून पलीकडे पाठवते, हे मला माहीत होतं. मी न कळल्याचं सोंग केलं, आणि त्याचाही राग नारायणवरच धरला.

मग अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला. धंदा उरला तो नावापुरता. मी घरी बसू लागलो. साळूला हाक मारली की ती यायची, विचारलं तेवढं सांगायची आणि जायची. तिला अंगाखांद्यावर घ्यायचं वय निघून गेलं होतं, आणि ते सगळं त्याच्यापाशी जमा होतं. मी टाकून दिलेलं त्याने उचललं, हे मला कळतं. पण राग गेलेला नाही.

तेरावा झाल्यावर गीता ठकीला घेऊन माहेरी गेली. मी भासरा, तिचा थोरला दीर, म्हणून माझ्यासमोर ती बोलत नाही. माझ्या बायकोकरवी निरोप ठेवला, की मळ्याचं आता तुमीच पाहा. परवा मी त्याच्या अर्ध्यात नांगर जुंपला. कापूसच पेरायचा होता. विहिरीच्या अंगाला आलो तर तिथे हातभर लांबीचे दोन वाफे, त्यांना बोटभर रुंदीचा पाट, आत गवारीची चार-चार रोपं. साळू पाणी घालत होती. तांब्या भरायची, निम्मा वाटेत सांडायचा, उरलेला ओतून पुन्हा विहिरीकडे जायची. मी म्हणालो, सरक.

ती सरकली नाही. "हे माह्यं हाये," ती म्हणाली, "अन् ते ठकीचं. काकानं देलं. ती येत नाही तोवर मलेच दोन्ही पाहा लागते."

बैल उभे होते. तिच्या खेपा चालू होत्या, आणि ती जराही घाई करत नव्हती. ठकीचा वाफा भिजला, मग तिचा भिजला, मग एक रोप कललं होतं त्याला तिने मातीची भर दिली... एवढं सगळं होईपर्यंत मी तिथे उभा राहिलो. मग नांगर उचलला, वाफ्यांना वळसा घातला आणि पलीकडे टेकवला.

त्या जागी नांगराचं तास वाकडं गेलं आहे. वाटेने जाणारे विचारतात, तुमचा एवढा सवयीचा हात, मग असं कसं झालं? मी सांगतो, बैल बुजले होते.